शिदोरी आणि भूतदया

॥ राम कृष्ण हरी ॥

सज्जनहो, वारीला निघालेल्या माणसाजवळ तीन वस्तू असतात. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पताका आणि पिशवीत शिदोरी. माळेचे महत्त्व आपण नेहमी ऐकतो, पताकेचेही ऐकतो. शिदोरीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. भाकरी ती भाकरी, तिच्यात परमार्थ कसला, असे आपल्याला वाटते. आजच्या चिंतनाचा विषय ती भाकरीच आहे. घरची शिदोरी नेमाने बांधणारा मनुष्य भूतदयेच्या वाटेला कसा लागतो, मांस तर सोडतोच, पण पुढे दुधाच्या वाटीकडेही विचाराने कसा पाहू लागतो, हे आपणांस पाहावयाचे आहे.

माळ घालताना आपण काय कबूल करतो? मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचे व्रत, पंढरीची वारी आणि मुखी नाम. हे वचन गळ्यात असते. त्याची परीक्षा मात्र पोटात होते. समजा, मावळातला एक माळकरी तरुण चाकणच्या कारखान्यात कामाला लागला. पाळी सकाळची, घरून निघताना घाई, म्हणून डबा राहिला. दुपारी हॉटेलात बसला. रस्सा कशाचा, कढई कोणती, पळी कशाकशात बुडाली, हे त्याने कोणाला विचारावे? वाढणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. चार दिवस तो विचारतो, पाचव्या दिवशी विचारण्याचा कंटाळा येतो. मग सोबती म्हणतो, "अरे, नुसतं अंडं तर आहे, त्यानं काय होतंय?" अहो, माळ एका दिवसात तुटत नसते. दोरा आतून झिजत जातो, आणि मणी गळून पडतात तेव्हा कळते.

आता हाच तरुण घरून फडक्यात दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून निघाला असता तर? त्याला विचारण्याचे कारणच नव्हते. भाकरी कोणत्या पिठाची, चटणीत काय, हे त्याला ठाऊक. म्हणून शिदोरीचा पहिला गुण असा की, पोटात काय जाते ते ती आपल्याला माहीत करून देते. विवेकाची सुरुवात माहीत असण्यापासून होते.

मुंबईचे डबेवाले पाहा. सन १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले असे सांगतात. मावळ, खेड, जुन्नर या भागांतली ही माणसे. त्यांतली पुष्कळ वारकरी. डोईवर पांढरी टोपी, आणि घरच्या अन्नाची पेटी डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढीत चाललेली. ज्याच्या त्याच्या घरचे अन्न ज्याच्या त्याच्या हाती वेळेवर पोचावे, यासाठी पंढरीच्या वारकऱ्याने आपले आयुष्य खर्ची घालावे, ही मोठी सूचक गोष्ट आहे.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. त्यांत शिळे आणि रस गेलेले अन्न तामसी ठरविले. मग पहाटे भाजून दुपारी खाल्लेली शिदोरी तामसी नव्हे काय? शंका योग्य आहे. समाधान असे की, भगवंतांनी त्याच ठिकाणी दुर्गंधी आणि अपवित्र अन्नाचेही नाव घेतले आहे. दोष आहे तो नासण्याचा, कुजण्याचा. म्हणून शिदोरी बांधणाऱ्याने नासणार नाही ते निवडावे. आणि बघा, गंमत येथेच आहे! उन्हाळ्याच्या दिवसांत पाच-सहा तास फडक्यात काय टिकते? मासळी टिकत नाही, मटण टिकत नाही, दूधही फाटते. टिकते ती ज्वारी-बाजरीची भाकरी. टिकते जवसाची, कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी. टिकतो कोरडा झुणका आणि खरडा. आपल्या आज्या-पणज्यांनी वाटेसाठी जे बांधले, ते सारे शेतातले, झाडावेलींचे. त्यांनी कोणते पुस्तक वाचले नव्हते. वाटेनेच त्यांना ते शिकविले. हा शिदोरीचा दुसरा गुण.

तिसरा गुण वाटणीचा. शिदोरी एकट्याने खायची नसते. झाडाखाली चारजण बसले, चार फडकी सुटली की तुझे मला, माझे तुला, असे चालू होते. जे अन्न सर्वांना चालते, तेच अशा ठिकाणी शोभते. भाकरी-चटणीला नाही म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आता या तिन्ही गुणांच्या पुढची पायरी आपण श्रीमद्भागवतात पाहू. दशम स्कंधाच्या तेराव्या अध्यायात वनभोजनाची कथा आहे. यमुनेच्या वाळवंटात कृष्ण मध्ये बसला आहे, सभोवती गोपाळ. कोणी पानावर, कोणी फुलांवर, कोणी शिंक्यातच आपली शिदोरी मांडली आहे. थट्टामस्करी चालली आहे. इतक्यात वासरे चरत चरत दूर गेली, दिसेनाशी झाली. गोपाळ घाबरले. तेव्हा भगवंत म्हणाले, तुम्ही जेवा, मी वासरांना घेऊन येतो. आणि हातात घास तसाच धरून देव वासरांच्या शोधाला निघाला!

श्रोतेहो, या प्रसंगी क्षणभर थांबा. तो घास कसला होता? दहीभाताचा. म्हणजे दही देवाला वर्ज्य नव्हते. पण त्या दह्यावर ज्याचा पहिला हक्क, ते वासरू दिसेनासे होताच देवाच्या तोंडी घास गेला नाही. हात घासावर आणि चित्त वासरावर, हे या कथेचे मर्म आहे.

अलीकडे शहरांतली तरुण मंडळी 'व्हीगन' हा शब्द बोलतात. मांस, मासे, अंडी यांबरोबर दूध, दही, तूप, मधही न घेणारा, असा त्याचा अर्थ. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी हा शब्द काढून मंडळ स्थापन केले. आपल्या काही वृद्ध वारकऱ्यांना ऐकून राग येतो. ते म्हणतात, आमचा देव गोपाळ, त्याला लोणी आवडते, त्याच्या काल्यात दही. हे कुठले नवे खूळ? त्यांचे म्हणणे खरे आहे. संप्रदायाने दूध निषिद्ध मानलेले नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तो जसा आहे तसाच गोड आहे.

परंतु त्या तरुणांचा प्रश्नही टाकून देण्याजोगा नाही. पूर्वी दारात गाय होती. वासराला पिऊ देऊन उरलेले आपण घेत होतो. नर वासरू वाढून बैल होई, औत ओढी, पोळ्याला त्याची पूजा होई. आज ट्रॅक्टर आला, बैलाचे काम सरले. पिशवीतल्या दुधामागचे वासरू आपल्याला दिसत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी झाली; पण जीव वाचलेल्या त्या जनावराला वैरण घालणारा गोठा पुष्कळ ठिकाणी उरलेला नाही. म्हशीच्या रेडकाला तर ती पूर्ण बंदीही लागू नाही. ज्या रेड्याच्या मुखातून माउलींनी पैठणास वेद वदविले, ज्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, त्याच्याच जातीचे ते रेडकू! आपण समाधीपुढे हात जोडतो. जिवंत रेडकाचे काय होते हे विचारतो का?

म्हणून मध्यम मार्ग सांगतो. ज्याच्या दारी जनावर आहे आणि वासरू पोटभर पिते, त्याने प्रसाद समजून दूध घ्यावे. ज्याला दुधाचा उगम ठाऊक नाही, त्याने निदान शोध करावा. आणि ज्याच्या मनाला ते दूध रुचेनासे झाले, त्याने खुशाल सोडावे. त्याला कोणी अडवू नये. सोडणाऱ्याने मात्र शरीराची हेळसांड करू नये. नुसत्या वनस्पतीजन्य आहारातून बी-१२ हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधरूपाने घ्यावे. बाकी आपल्या मातीत पुष्कळ आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. मटकी, हुलगे, तूर, तीळ, पालेभाज्या आहेतच. अरणच्या सावतोबांना आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात देव सापडला. आपल्याला निदान पोषण तरी सापडावे.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, शिदोरी बांधतो कोण? पहाटे उठून भाकऱ्या थापणारी घरातली माउली असते, आणि भूतदयेवर बोलणारा मात्र अंथरुणात असतो. परंपरा सांगते की, तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात रंगलेले असत आणि जिजाई उन्हातान्हात भाकरी घेऊन डोंगर चढे. एके दिवशी तिच्या पायात काटा रुतला, तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंगाने तो काढला. लक्षात घ्या, देव धावला तो शिदोरी आणणारीसाठी! जनाबाईबरोबर तर तो जात्याला बसला. देव दळू लागतो, मग आपल्याला परातीत पीठ मळायला लाज कसली? प्राणिमात्रांवर दया करावयाची आणि घरच्या माणसाला राबवावयाचे, हा परमार्थ होत नाही. ज्याला शिदोरी हवी, त्याने निम्मे काम आपल्या हाती घ्यावे. स्वतःच्या हाताने भाकरी भाजू लागला की अन्न टाकवत नाही, आणि अन्नामागचे कष्टही डोळ्यांपुढे येतात.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. मांस सोडले, दूध सोडले, पण 'मी सोडले' हे सुटले नाही, तर काय मिळविले? जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उचलून दूर जाऊन बसणे, शेजाऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणे, त्याची जात त्याच्या ताटावरून ठरविणे, हे वारकऱ्याला शोभत नाही. आपल्या देशात अन्नाच्या निमित्ताने माणसांना पुष्कळ दूर लोटले गेले. चोखोबांना देवळाच्या पायरीशी थांबावे लागले. नाथबाबांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना आधी वाढले, म्हणून पैठणात त्यांना छळ सोसावा लागला. पशूवर दया आणि माणसाची किळस, अशी दया संतांनी शिकविलेली नाही.

मग करावे काय? शिदोरीत दोन भाकरी जास्त बांधाव्या. दुसऱ्याच्या डब्यातले काही बोलू नये. आपल्यातले प्रेमाने पुढे करावे. उपदेशाने माणूस अडून बसतो, घासाने मोकळा होतो. आज तो तुमची चटणी खाईल, उद्या विचारील की ही कशाची, आणि परवा घरी सांगून तशीच करवून आणील. पुष्कळ मांसाहारी घरांत चातुर्मास पाळला जातो, निदान श्रावण तरी पाळतात. बीज तेथे आहेच. त्याला पाणी घालावे ते असे.

एकदम मोठा संकल्प करू नका. या एकादशीला उपवास करा, द्वादशीला पारणे फेडून एक शिदोरी बांधा. पुढच्या आठवड्यात दोन बांधा. पंढरी एका उडीत येत नाही. आळंदीहून निघालेली पालखी मुक्कामामुक्कामाने पुढे सरकते. तसाच हा नेम आहे. फडक्याची गाठ मारताना तोंडाने नाम घ्या, आणि सोडताना क्षणभर थांबून मनाला विचारा की, या घासासाठी कोणाचा जीव गेला काय? कोणाचे वासरू उपाशी राहिले काय? घरात कोणी थकून झोपले काय? ज्या दिवशी तिन्ही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर येईल, त्या दिवशी तो घास काल्याचा झाला असे समजा.

पांडुरंगाने आपणा सर्वांना तशी शिदोरी बांधण्याची बुद्धी द्यावी, आणि ती वाटून खाण्यासाठी चार सोबती द्यावे, एवढे मागून ही सेवा संतचरणी ठेवतो.

॥ राम कृष्ण हरी ॥