फिटणारे देणे

आमच्या गावच्या पारावर बसणाऱ्या मंडळींत एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्तीनंतर मनुष्याला बोलण्यास अवकाश पुष्कळ मिळतो आणि विषय मात्र थोडे उरतात. त्यामुळे गावाच्या अधःपाताची त्यांची मीमांसा मी नित्य ऐकतो आणि बहुधा मान डोलावतो. परंतु परवा केशकर्तनालयाच्या दारावर मोबाइलवरून पैसे भरण्याची चौकट डकवलेली पाहून ते जे बोलले, ते काही केल्या मनातून जाईना. “ह्याच्या आजाला आमच्या खळ्यावरून बलुते जात असे. नातू खांद्यावरचे केस झटकायच्या आत पैसे मागतो. पैसा आला अन् माणूस गेला!”

बलुत्याचे वर्णन नव्याने करण्याचे प्रयोजन नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 साली निघाला, तेव्हापासून थोरली, मधली व धाकटी ह्या ओळींची माहिती वाचकांना आहे. मला गुरुजींची बाजू अधिक सशक्त करून मांडण्याची इच्छा झाली, कारण मुलकी खात्यात उभी हयात गेल्यामुळे एक भेद माझ्या विशेष आवडीचा झाला आहे: देणे फिटणारे असते आणि न फिटणारेही असते. शेतसारा, तगाई ही फिटणारी देणी. पावती हाती पडली की सरकार आणि खातेदार एकमेकांचे कोणी नव्हेत. सुताराने मात्र आषाढात नांगर नीट करून द्यावा आणि त्याचे धान्य त्याला शाळूच्या सुगीत मिळावे, ह्या व्यवहारात बाकी कधीच शून्यावर येत नसे. कोणी ना कोणी कोणाचे तरी लागतच असे, आणि ह्या कायमच्या थकबाकीलाच आपण आपुलकी म्हणत होतो. रोखीने ही थकबाकी संपवली, असे गुरुजींना म्हणायचे असावे. आणि इथपर्यंत मी त्यांचा वकील होतो.

वकिली करता करता खळे आठवले. शेणाने सारवलेल्या खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे; मग वारा सुटण्याची वाट पाहत उपणणी, आणि शेवटी पांढऱ्या शुभ्र शाळूची रास. राशीला नमस्कार झाला की बलुतेदार पुढे येत, आणि माझे आजोबा सुपाने धान्य घालीत. सुताराला घालताना सूप भरून येई, कारण त्याच्यावाचून पेरणी अडे. रास पोत्यांत गेल्यावर खळ्यात माती मिसळलेले दाणे उरत, त्याला मातेरे म्हणतात. ते झाडून, पाखडून नेण्याचा ‘हक्क’ महारवाड्याचा. हक्क हा शब्द दप्तरात अशा ठिकाणीही निमूटपणे बसतो. बायका उन्हात बसून माती आणि दाणा वेगळा करीत, आणि आम्ही पोरे पेंढीवर उड्या मारीत असू. गुरुजींच्या स्मरणात रास आहे, सूप आहे, बैलांच्या घागरमाळाही आहेत. मातेऱ्याचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण 1972 च्या दुष्काळाविषयी लिहिण्याची संधी मी सहसा दवडत नाही. त्या वर्षी मी माणदेशातल्या एका कामावर हजेरीपत्रके तपासण्यास नेमलेला होतो. खडी फोडण्याची मजुरी ब्रासच्या मोजमापावर होती, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मग ती खडी कोणाच्याही हातची असो. ज्यांच्या घरी चार वर्षांपूर्वी रास पडत असे त्या घरच्या सुना आणि जिने मातेरे पाखडले ती बाई एका रांगेत बसत. पगाराच्या दिवशी तिने अंगठा उठवला, नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीला मारल्या आणि पाठ फिरवून ती चालू लागली. वाकली नाही, ‘मायबाप’ म्हणाली नाही. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला, त्याचे गुणदोष वेगळे. मला आठवते ती तिची पाठ.

ज्याचे देणे फिटत नाही त्याला जाताही येत नाही, ही गोष्ट माझ्या आवडत्या भेदात मी इतकी वर्षे बसवलीच नव्हती. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या 1874 च्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे जे विधेयक आणले, त्यात महारांच्या कामाची व्याख्या ठरावी आणि बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करता यावे, अशा तरतुदी होत्या. नोकरीत असताना हे मी केवळ वतनांच्या इतिहासातले एक कलम म्हणून वाचले होते. रात्री-अपरात्री केव्हाही राबायला बोलावता येणाऱ्या आणि स्वतः घरी नसला तर ज्याच्या जागी घरच्या माणसाला जुंपता येई अशा वतनदाराला, काम किती आणि दाम किती ह्याचा आकडा कागदावर येणे म्हणजे काय असेल, हे मी तेव्हा मनात आणले नाही. ती वतने कायद्याने जायला 1958 साल उजाडावे लागले.

हे सारे मी गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी हुकमी पान टाकले: “आणि माणूस मेल्यावर खांदा? त्यालाही दर लावणार काय?” प्रश्न जोरकस खरा, पण आमच्या लहानपणी मयताची खबर घेऊन उन्हातान्हात परगावी धावणे आणि सरणाची लाकडे फोडणे हेही वतनाचेच काम होते, खांदा देणारे मागाहून येत. तेव्हा न्हाव्याच्या नातवाने रोख मागितली तर ती मुकाट्याने द्यावी, आणि त्यानंतरही तो पारावर येऊन आपल्याशी बोलत बसला तर ते त्याच्या खुशीने, असे मी म्हणालो. गुरुजींना ते मुळीच पटलेले नाही, आणि सुपाचे वर्णन त्यांनी पुन्हा आरंभापासून सुरू केले आहे.