मोकळी जागा कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तीन चुलतभाऊ एका सायंकाळी नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात त्यांची सुमारे चार एकरांची सामाईक वाडी आहे. पानवेली केव्हाच गेल्या, केळीही गेली. नारळ, थोडा मोगरा व एक जुने बावखल एवढेच उरले आहे. मुले मुंबईला नोकरीत, शिंपण्यास माणूस नाही. तेव्हा वाडी विकून मोकळे होण्याऐवजी आपणच तेथे लहानशी वसाहत वसवावी, घरे एका अंगास एकवटावी व अर्धी जमीन मोकळी राखावी, असा त्यांचा बेत होता.

बेत पाहून आम्हास मनापासून आनंद झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी जी चळवळ उभी राहिली, तिच्यात ह्या भावांचे वडीलही होते. त्या पिढीने जमीन वाचवण्याचा लढा दिला. ही पिढी जमिनीवर राहण्याची काही शहाणी रीत शोधते आहे, असे वाटले. परंतु नकाशा नीट पाहिल्यावर चारही बाजूंनी जाड काळी रेघ दिसली. ती भिंत होती. पूर्वेकडील पाड्यावरच्या स्त्रिया ज्या पायवाटेने वर्षानुवर्षे रस्त्यावर येतात, ती पायवाट भिंतीत लुप्त झाली होती.

आम्ही विचारले, तेव्हा मधला भाऊ म्हणाला, “फादर, मजले चढवले असते तर चौपट पैसा आला असता. तो सोडून आम्ही जागा मोकळी ठेवतो. मग तिथे कोणी यायचं, हेही आम्हीच ठरवू नये का?”

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. त्या सायंकाळी आम्हापाशी त्याचे उत्तर नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडील बांधकामाचे नियम मोठ्या भूखंडावर साधारणपणे दहावा हिस्सा मनोरंजनासाठी मोकळा सोडावयास सांगतात. प्रत्यक्षात इमारती व वाहनतळ आखून झाल्यावर जो कोपरा उरतो, त्यात दोन झोपाळे टांगले की नियम पाळला जातो! भावांनी निम्मी जमीन आधी बाजूला काढली व मग घरांचा विचार केला, हे त्यांचे मोठेपण. पण मोकळी ठेवलेली जागा पुढेही मोकळी राहील, ह्याची हमी कोण देणार? बापाने राखलेली जागा मुलगा विकू शकतोच.

ह्या ठिकाणी आम्हास एबेनेझर हॉवर्ड आठवतो. ब्रिटिश पार्लमेंटातील भाषणांचे लघुलेखन करून पोट भरणाऱ्या ह्या साध्या गृहस्थाने १८९८ साली उद्याननगरीची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. सहा हजार एकर जमीन. त्यांपैकी नगरासाठी फक्त एक हजार, उरलेली शेती व कुरणांसाठी. लोकवस्ती बत्तीस हजार. १९०३ साली लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे पहिली उद्याननगरी वसू लागली. लोक तिच्या बागा पाहतात. हॉवर्डचे खरे लक्ष मालकीवर होते. जमीन एका संस्थेकडे एकत्र राहावी, रहिवाशांनी ती भाडेपट्ट्याने घ्यावी व वाढत्या मोलाचा लाभ नगरासच मिळावा, ही त्याची योजना. पुढे बाहेरच्या धनिकांची नजर त्या संस्थेच्या भागभांडवलावर गेली, तेव्हा प्रकरण पार्लमेंटापर्यंत पोहोचले व १९६२ साली स्वतंत्र कायदा करून ती मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपवावी लागली. साठ वर्षेही झाली नव्हती.

जुन्या करारात लेवीयांना दिलेल्या अठ्ठेचाळीस नगरांभोवती मोकळे रान राखण्याची आज्ञा आहे, मापासकट. त्यातील एक बारकावा सेमिनरीत शिकताना आमच्या ध्यानी आला नव्हता. लेवीयास आपले घर विकता येई व पुढे केव्हाही सोडवून घेता येई. नगराभोवतीचे रान मात्र विकताच येत नसे. अर्थात ते रान लेवीयांच्याच गुरांसाठी होते, तेव्हा भिंतीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही. ते मिळते दुसऱ्या एका आज्ञेत: कापणीच्या वेळी शेताच्या कडा गरिबासाठी व परक्यासाठी सोडाव्यात. शेत मालकाचेच राहते, कड मात्र त्याची एकट्याची नसते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच भेद तत्त्वज्ञानाच्या भाषेत केला: वस्तू मिळवण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार व्यक्तीचा असू शकतो, पण उपभोगाच्या बाबतीत ती सर्वांची मानावी. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात बाहेरच्यांना बंद असलेल्या हिरव्या वसाहतींविषयी खंत व्यक्त केली आहे.

बावखल हा ह्याचाच रोजचा दाखला. त्यात साठलेले पावसाचे पाणी मुरते, ते शेजाऱ्याच्या विहिरीस लागते. सातबारा कोणाच्याही नावे असो, पाणी भिंतीखालून जाते. आणि मुरण्यास जागा न मिळाल्यास काय होते, हे जुलै २०१८ मध्ये वसई व नालासोपाऱ्याने कंबरभर पाण्यात उभे राहून पाहिले आहे.

चोरीचे भय खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच चर्चच्या पटांगणास आम्ही काही वर्षांपूर्वी फाटक बसवले. रात्री बाटल्या फोडल्या जात असत. बाटल्या थांबल्या. दुपारी खेळावयास येणारी पाड्यावरची मुलेही थांबली, आणि ती येत नाहीत हे आमच्या ध्यानात येण्यास जवळजवळ एक पावसाळा गेला. भावांना उपदेश करताना हे फाटक आमच्या डोळ्यांपुढे होते. आता ते दिवसा उघडे असते.

पावसाळ्यानंतर भाऊ नवा नकाशा घेऊन आले. भिंत फक्त घरांभोवती. वाडीच्या कडेस मेंदीचे कुंपण, त्यातून सहा फुटांची पायवाट. बावखल बुजवू नये आणि मोकळी जमीन कोणा एकाच्या नावे होऊ नये, अशी अट कागदावर आली आहे. थोरल्याने व मधल्याने सह्या केल्या. धाकट्याने अजून केलेली नाही. वाटेचा हक्क एकदा लिहून दिला की कधीच परत घेता येणार नाही, असे तो म्हणतो. प्रश्न त्यालाच सर्वांत नीट समजला आहे, असे आम्हास वाटते. येत्या रविवारी मिस्सानंतर तो पुन्हा भेटणार आहे.