जात्याला हात कोण लावणार?

सज्जनहो, जनाबाईचा दृष्टान्त मी गेली चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. गंगाखेडची ही पोर पंढरपुरास नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, शेण, पाणी सारे तिने केले. यावरून मी सिद्धान्त काढीत असे, की कष्ट सोसावे आणि नाम घ्यावे. हा सिद्धान्त अर्धाच होता, हे मला एका मजूर बाईने शिकविले.

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर एका कोळीवाड्यात सप्ताह होता. कीर्तन संपले, मंडळी पांगली. एक लेकुरवाळी बाई मागे राहिली. मासळी निवडण्याच्या कामावर ती रोजाने जाई. तिथला मुकादम अंगचटीला येई, आणि झिडकारले की दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे. मी म्हटले, "बाय, जनाबाईने किती सोसले! तूही नाम घे, दिवस पालटतील."

ती म्हणाली, "बुवा, जनाबायचा हात देवानं धरला. माझा कोन धरतो, तुमाला ठाव हाय काय?" आणि निघून गेली.

स्त्रीपूजेची मनुवचने आम्ही पाठशाळेत घोकली. पण त्या रात्री एकही उपयोगी पडले नाही. आठ दिवसांनी मुद्दाम गेलो, तर तिने काम सोडले होते. रोज बुडाला तिचा. मुकादम जागच्या जागी.

आता विचार करा. दळता दळता जनी थकली, तेव्हा देवाने तिला सहनशीलता सांगितली काय? परंपरा सांगते, त्याने जात्याच्या खुंट्याला हात घातला!

मग गावच्या मास्तरांकडून मी कायदा समजून घेतला. १९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका कार्यकर्तीवर अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नियम घालून दिले, आणि २०१३ साली कायदा झाला. जेथे १० वा अधिक माणसे राबतात, तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री, आणि निदान निम्म्या सभासद स्त्रिया. माणसे कमी असली, किंवा खुद्द मालकाविरुद्धच गाऱ्हाणे असले, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार ३ महिन्यांच्या आत करावी. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास साहाय्य करणे हे समितीचे काम. बाईचे नाव बाहेर फोडता येत नाही.

कोणी म्हणेल, बुवांनी हरिकथा सोडून कायदा का सांगावा? बाबांनो, ज्या कीर्तनात ती बाई बसते, त्याच कीर्तनात गळ्यात माळ घालून तो मुकादमही टाळ धरतो. दोघांना मी एकच उपदेश करीत होतो: तिला सोसण्याचा, आणि त्याला, न बोलता, अभयाचा! हे पाप माझ्या पदरी आहे.

म्हणून आता जनाबाईचे आख्यान लागले, की मी ही समितीची गोष्टही सांगतो. आपल्या गावात अशी कोणी लेक गाऱ्हाणे घेऊन आली, तर आधी तिचे ऐका, मग तिच्यासंगे अर्ज द्यायला चाला. नाम वाटेत घेता येते.