कच्ची रेघ आणि फळाची आशा

फळाची आशा न धरता कर्म करायचं, तर हौशी चित्रकाराने आपली कॉमिक्स चारचौघांत मांडावीत कशाला? वहीतच ठेवावीत, असं कुणी म्हणेल. मला हा निष्कामपणाचा सोयीस्कर अर्थ वाटतो. टोकियोत डिसेंबर 1975 मध्ये कॉमिकेट हा हौशी कॉमिककारांचा मेळावा पहिल्यांदा भरला, तेव्हा जेमतेम 32 गट होते. तिथे गिऱ्हाईक असं कुणी नाहीच. मांडणारा, घेणारा, राबणारा स्वयंसेवक, सगळे सहभागीच मानले जातात. आणि अशा मांडण्याची गरज कामातच असते: हाताचे पंजे जमत नाहीत म्हणून नवशिका पात्रांचे हात खिशात कोंबतो, नाहीतर पाठीमागे नेतो. वहीत ही पळवाट वर्षानुवर्षं खपते. दुसऱ्याची नजर ती पहिल्याच पानावर पकडते. म्हणजे दाखवणं हे इथे फळ नव्हे, कर्माचाच उरलेला भाग आहे.

पण मग स्तुतीची हाव सुटते, त्याचं काय? सुटते, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र चित्र लपवणाऱ्यालाही अहंकार असतोच, फक्त त्याला कुणी धक्का लावत नाही, आणि तो जास्त चिवट. (नुसत्या ‘छान, छान’ने अंगठा नीट वळत नाही, हेही खरं.) दोघांत कच्चं चित्र पुढे करणाराच मला अधिक निष्काम वाटतो.