दार वाजवण्याचा सण

अमेरिकेत फोन केल्याशिवाय सहसा कुणी कुणाच्या घरी जात नाही. शेजाऱ्याशी ओळख लांबून हात हलवण्यापुरती. त्याच देशात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी भुताखेतांची सोंगं घेतलेली पोरं सरळ परक्यांची दारं वाजवतात, 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडतात आणि घरवाले हौसेनं त्यांच्या पिशव्यांत चॉकलेटं टाकतात. पोर्चचा दिवा चालू असला तर या, बंद असला तर पुढच्या घरी जा, हा नियम सगळी वस्ती न सांगता पाळते. हॅलोविनमधल्या भुतांपेक्षा मला या दिव्याचं अप्रूप जास्त.

हॅलोविन घरच्यांसोबत कसा साजरा करावा, याच्या याद्या दरवर्षी निघतात. भयपट बघा, केकवर कोळी काढा, हॉलमध्ये जाळी लावा. करा की. पण ही सगळी चार भिंतींच्या आतली करमणूक झाली. हा सण उंबऱ्याबाहेरचा आहे.

त्याचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये. सुगी संपून हिवाळा लागायचा, त्या सांध्यावरच्या रात्री मेलेले जिवंतांच्या जगात फिरतात अशी समजूत होती. चर्चनं १ नोव्हेंबर संतांना दिला आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांना. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा दुसरा दिवस नवा नाही. त्या दिवशी कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. इंग्लंडात गरीब लोक या सुमारास दारोदार जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटा केक घेत. स्कॉटलंडात पोरांनी सोंग घेऊन जायचं आणि गाणं, कविता, निदान एखादा विनोद सादर करायचा. मगच सफरचंद किंवा अक्रोड हाती पडे. फुकट काही नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिमग्याची सोंगं अशीच दारात येतात, नाचतात, पोस्त मागतात, आणि संकासुराला बघून पोरं किंचाळत पळतात व पुन्हा त्याच्याच मागे लागतात.

एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर हा सण अमेरिकेत गेला. तिथे तो जरा बिघडला. कुंपणाची फाटकं पळवणं, खिडक्यांना साबण फासणं हे ठीक. पुढे पुढे सरळ नासधूस होऊ लागली. १९२० साली मिनेसोटातल्या अनोका गावानं पोरांना गुंतवण्यासाठी मिरवणूकच काढली. घरोघरी गोळ्या-चॉकलेटं वाटण्याची रीत हा याच मालिकेतला तह आहे: खाऊ घ्या आणि आमचं फाटक सोडा. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं, ते १९४७ साली उठलं आणि नव्या उपनगरांत ही रीत पक्की रुजली.

मग भीती आली, आणि ती भुतांची नव्हती. अनोळखी माणसं चॉकलेटात विष घालतात, सफरचंदात ब्लेड खुपसतात, अशा बातम्या पसरल्या. काही इस्पितळं पोरांच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून देऊ लागली. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानं १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या. हॅलोविनच्या खाऊत विष घालून अनोळखी माणसानं मूल मारल्याची एकही खात्रीची घटना त्याला सापडली नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा विषारी खाऊनं मेला खरा. विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. भीती मात्र परक्या दारालाच चिकटून राहिली. आता पुष्कळ ठिकाणी पार्किंगमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या ओळीनं लावतात आणि पोरं डिकी-डिकीतून खाऊ गोळा करतात. सोयीचं आहे, अपंग मुलांना किंवा विरळ वस्तीत उपयोगीही. पण डिकीला घंटा नसते आणि दार उघडेपर्यंतची धाकधूक तिथे नाही. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांत कोणत्या फ्लॅटला जायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच ठरतं, तोही यातलाच प्रकार.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी घरांनी काय करावं? भोपळा आधी. कोरायचा मोठा भोपळा पाणचट, रेषाळ असतो; त्याची भाजी करायच्या फंदात पडू नये. झाकण तिरकं कापावं, म्हणजे ते आत पडत नाही. गर मुलांना हातांनी काढू द्यावा, बिया तिखट-मीठ लावून भाजाव्यात. कोरलेला भोपळा लवकर सडतो, म्हणून तो फक्त दोन-तीन दिवस आधी कोरावा. घारग्यांसाठी छोटा गोड भोपळा वेगळा आणावा. हिंमत असेल तर एक सलगमही कोरून बघा. आयर्लंडात भोपळ्याआधी कंदच कोरत, आणि सुरकुतलेल्या सलगमाचा चेहरा भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसतो.

मुलांना हिंडवायला एकानं जावं, दारावर दुसऱ्यानं बसावं. भारतातून आलेले आजी-आजोबा असतील तर ही खुर्ची त्यांची. एरवी दिवसभर घरात कोंडलेल्या आजीला एका संध्याकाळी अख्खी गल्ली भेटून जाते, आणि इंग्रजी फारसं लागत नाही. घरची चकली मात्र अनोळखी पोराच्या पिशवीत टाकू नका. त्याची आई ती फेकून देणार. कारण वर आलंच आहे. मुलांना वेष्टनातला खाऊ द्यावा, चकलीचं ताट त्यांच्यामागे पायऱ्यांवर घुटमळणाऱ्या आईबापांपुढे धरावं. शेंगदाण्यासारख्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी खेळणी किंवा पेन्सिली ठेवणारे लोक दारात निळसर-हिरवा भोपळा मांडतात. २०१४ पासून ही खूण देशभर पसरली.

२०२४ साली दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले तेव्हा कुठला सण आधी, यावर बरीच घरं अडली असतील. मला त्यात अडचण दिसत नाही. पणत्या आणि भोपळा एकाच पायरीवर मावतात, आणि उजळलेल्या दाराकडे पोरं आपणहून वळतात.

शेवटी एक प्रश्न उरतो तो वयाचा. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्यांनी खाऊ मागणं कायद्यानं गुन्हा होता, तुरुंगाच्या तरतुदीसह. २०१९ साली ती तरतूद काढली आणि वय चौदा केलं. तुमच्या दारात मिसरूड फुटलेला, धड सोंगही न घेतलेला उंच पोरगा उशी घालायची खोळ पुढे करून उभा राहिला, तर त्यालाही द्या. फक्त स्कॉटिश रीतीनं आधी एक विनोद सांगायला लावा.