शब्दांच्या मापांत माणूस

मनुष्याच्या लेखनावरून त्याचा स्वभाव ओळखतां येतो, ही समजूत कांहीं आजची नव्हे. परंतु अलीकडील मानसशास्त्रानें हें काम अंकगणिताकडे सोपविलें आहे. आणि त्या गणिताचा अधिकार कोठवर मानावा, हा आमच्या मतें नीतीचाही प्रश्न आहे.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व त्यांचे सहकारी यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संगणकाकडून शब्द मोजून घेण्याची एक पद्धति सिद्ध केली. भारदस्त शब्दांपेक्षां सर्वनामें, अव्ययें अशा क्षुल्लक शब्दांवर तिचा भर विशेष. मोठे शब्द आपण निवडून घेतों. लहान शब्द नकळत लेखणींतून निसटतात. इ. स. २००४ मधील एका अभ्यासांत खिन्नतेनें ग्रासलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'मी' हा शब्द इतरांपेक्षां अधिक आढळला. २०१४ मध्यें पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रवेश-निबंध तपासले, तेव्हां वर्गीकरणाकडे कल असलेल्या भाषेचा पुढील परीक्षांतील यशाशीं संबंध दिसून आला.

हें ज्ञान खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें समूहाचें ज्ञान आहे. गांवाची सरासरी उंची कळली म्हणून समोरच्या माणसाच्या सदऱ्याचें माप मिळत नाहीं. शिवाय इंग्रजींत 'मी' लिहिल्यावांचून गत्यंतर नसतें. मराठींत मात्र 'गेलों' एवढें म्हटलें कीं 'मी' त्यांतच आला. तेव्हां एका भाषेचा गज दुसरीस लावणें धोक्याचें. आम्हीच पाहा: मासिकांच्या रूढीप्रमाणें 'आम्ही' लिहितों. याच शास्त्राप्रमाणें 'आम्ही'चा विपुल वापर अधिकाराचें लक्षण ठरतो. मग यंत्र आम्हांस मोठे अधिकारी समजेल, आणि घरांतील मंडळी मनमुराद हंसतील!

यावर कोणी म्हणेल, गुरुजीही निबंधावरून मुलाची पारख करितातच. खरें, पण गुरुजींना आपलें मत बदलतां येतें, आणि मुलाला त्यांच्यापुढें उभें राहून आपली बाजू मांडतां येते. आंकड्यापुढें ही सोय नाहीं. त्याच मापावर नोकरी वा प्रवेश ठरूं लागला, तर दुःखी मनुष्य प्रथम आपला 'मी' लपवावयास शिकेल. आणि ज्याला आधाराची गरज, त्याचीच हांक ऐकूं येईनाशी होईल.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच: शब्द मोजून कोणाच्या व्यथेची चाहूल लागत असेल, तर जरूर मोजावे, मात्र त्यानंतर त्या माणसाचें दार ठोठवावें, त्याच्या तोंडावर आपलें दार लावूं नये.