खबरीची तहकीक

२२ सप्टेंबर २०१६ रोजी उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले. जवळच करंज्याला नौदलाचा शस्त्रसाठा. उरीचा हल्ला होऊन चारच दिवस झालेले. नौदलाने मुंबईच्या किनाऱ्यावर दक्षतेचा इशारा दिला, कसून शोध झाला, कोणी सापडले नाही. शोध घेणे योग्यच होते. पण वर्णनात 'पठाणी' पोशाख आला आणि आमच्या छातीत धस्स झाले. माणूस सापडण्याआधीच त्याचा मजहब ठरला होता.

दुसऱ्यांना दोष देणे सोपे. पोलिओचे थेंब आपली नस्ल संपवण्यासाठी आहेत, ही अफवा मात्र आपल्याच मोहल्ल्यांत फिरली. २००२ साली उत्तर प्रदेशात साथ आली, तेव्हा लोकसंख्येच्या मानाने आपलीच मुले अधिक लुळी पडली.

अशा गोष्टींवर शिकलेली माणसेही विश्वास ठेवतात. खोटे अडाणीपणावर कमी आणि दुखऱ्या जागेवर अधिक पोसते. एकाला भीती असते, दुसऱ्याला अपमान सलत असतो. कारस्थानाची कथा दोघांनाही दिलासा देते: गुन्हेगार एकच, आपण बेकसूर. जहाल पुढारी याच दिलाशाचा व्यापार करतो.

सूरे हुजुरातच्या सहाव्या आयतीत खबरीची तहकीक करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कोणावर जुलूम होईल आणि मागून पस्तावावे लागेल. हा हुकूम शत्रूच्या खबरीपुरता नाही. जी खबर ऐकताच आमचा राग सुखावतो, तिचीच तहकीक आम्ही आधी करावी.